बहिणींच्या सह्या होईपर्यंत इसार देऊ नका

पत्र : वकीलताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मालक ट्रॅक्टर चालवतात. आमच्याच मोहल्ल्यातलं एक जुनं घर विकायला आहे. समोर कवेलूचं घर, मागे गुरांचा कोठा आणि सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा. सौदा सहा लाखांवर आला आहे. घर विकणाऱ्यांच्या म्हाताऱ्या बाबांच्या नावावर आहे, ते २०१६ मध्ये वारले. आई थोरल्या मुलाकडे असते. दोन मुलगे, तीन मुली. मुली लग्न होऊन गेल्या. त्यातली एक करोनात गेली. तिचा नवरा आहे आणि पंधरा वर्षांचा मुलगा. बाकी दोघी भाऊबिजेला येतात. थोरला भाऊ म्हणतो, "बहिणींना लग्नातच सगळं दिलं, त्यांचा काही संबंध नाही. पन्नास हजार इसार द्या, पाचशेच्या बॉण्डवर लिहून देतो, नोटरी करू, ग्रामपंचायतीत तुमचं नाव चढवून देतो. रजिस्ट्रीत पैसे कशाला घालता?" अर्धे पैसे नगदी मागतो. नमुना आठवर १,२०० चौरस फूट लिहिलं आहे, जागा त्याच्या दुप्पट दिसते. गावात सगळे असंच करतात. तरी विचारते, वकील लावायची गरज आहे का? आणि रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावानं करावी की दोघांच्या?

ताई, गावात सगळे असंच करतात हे खरं आहे. त्यातले काही जण दहा-पंधरा वर्षांनी पिशवीत तोच बॉण्ड घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात, हेही खरं आहे. त्यात माझे एक मामाही होते. घर घेतलं, कवेलू काढून टीन टाकली, पोरीचं लग्न त्याच अंगणात केलं. मग विकणाऱ्याच्या बहिणीचा मुलगा हिस्सा मागत आला. मामांना त्याच घराचे दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले, तेही चालू भावानं. तेव्हा मी नुकती सनद घेतली होती आणि मामींना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

आधी नमुना आठ बघू. तो ग्रामपंचायतीचा घरकर आकारणीचा उतारा. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढं त्यावरून कळतं. मालकी त्यानं ठरत नाही. तरी तो नीट वाचायचा, कारण त्यात मालकाच्या नावाचा रकाना वेगळा असतो आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा. विकणाऱ्यांच्या बाबांचं नाव नेमकं कोणत्या रकान्यात आहे? मालकाच्या रकान्यात शासन आणि भोगवट्याच्या रकान्यात बाबा असतील, किंवा शेऱ्यात 'अतिक्रमण' असा शब्द असेल, तर ते घर सरकारी जागेवर आहे. मग सौदा तिथेच थांबवा, पुढचं वाचायचीही गरज नाही. करपावतीवर हे दिसत नाही, म्हणून भाऊ पावती पुढे करत असेल तर ती बाजूला ठेवा आणि ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्याचा ताजा उतारा तुम्ही स्वतः अर्ज करून काढा.

दुसरा कागद आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करायची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात त्या घराची आखीव पत्रिका आणि नकाशा मिळेल. मालकी दाखवायला नमुना आठपेक्षा हा कागद कितीतरी वजनदार आहे. नकाशा मिळाला की सांदवाडीचं कोडंही बरंचसं सुटेल, त्यावर पुढे येते.

आता बॉण्ड. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागायला लागला, तेव्हापासून लोकांना वाटतं बॉण्ड पाचपट पक्का झाला. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत विक्रीपत्रच लागतं, हा १९०८ चा नोंदणी कायदा आहे. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की अमुक माणसानं माझ्यासमोर सही केली. घर त्यानं हलत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या सौद्यानंही मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगून ठेवलंय. बॉण्ड अगदीच रद्दी आहे असंही म्हणत नाही. विक्री करून द्यायचा करार म्हणून कोर्टात तो दाखवता येतो, पण ज्यानं सही केली त्याच्याविरुद्ध. ज्यांनी सहीच केली नाही, त्यांना तो कागद शिवतसुद्धा नाही.

आणि तुमच्या सौद्यात सही न केलेलेच जास्त आहेत. मोजून बघा. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं धरू. मग हिंदू वारसा कायद्यानं आई, दोन मुलगे आणि तीन मुली असे सहा सारखे हिस्से पडतात. (हा कायदा बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागतो. विकणारं कुटुंब गोंड, परधान, कोलाम अशा अनुसूचित जमातीचं असेल तर गणित वेगळं. तसं असेल तर मला पुन्हा लिहा.) म्हणजे दोघं भाऊ मिळून तुम्हाला घराचा एक तृतीयांश विकतायत आणि पैसे पूर्ण घराचे मागतायत. घर वडिलोपार्जित निघालं तर हिस्से जरा वेगळे पडतील, पण मुली बाहेर जात नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनं त्यांना मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. त्या तारखेला बाप जिवंत होता की नव्हता यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

"लग्नात दिलं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं वाक्य मीच म्हणते. लग्नात काय दिलं, किती तोळे, आहेर काय, जेवणावळी किती, यानं वारसा संपत नाही. हिस्सा सोडायचा असेल तर तिनं स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. पूर्वी राहत्या घराबाबत एक अडथळा होता, भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला वाटणी मागता येत नसे. ते कलमच २००५ मध्ये काढून टाकलं. गावात मात्र ते कलम अजून चालू आहे असं समजूनच बोलणी होतात.

फक्त भावांचे हिस्से घेतले तर काय होईल? अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसानं घेतला, तर त्याला त्या घरात सोबत राहायला कब्जा मागता येत नाही. वाटणीचा दावा लावून आपला तुकडा वेगळा करून घ्यावा लागतो. वर इतर वारसांना तो हिस्सा आधी स्वतः विकत घ्यायचा हक्क असतो. म्हणजे सहा लाख देऊन तुम्ही कोर्टाच्या तारखा घ्याल. त्यातही तुम्ही अंगणवाडीवाल्या. गावातली प्रत्येक बाई तुमच्याकडे लेकरू घेऊन येते. ज्या बहिणीचा हिस्सा बुडाला, तिची भाचीही येईल.

बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन मग भावांनी विकायचं, असं बरेच जण सुचवतील. कायद्यानं ते चालतं. मला ते पसंत नाही. त्यात बहीण 'प्रेमापोटी' सोडते, पैसे भाऊ घेतो, आणि दोन वर्षांनी तिला कळतं की घर सहा लाखांना गेलं. त्यापेक्षा एकाच विक्रीपत्रात सगळ्यांची नावं 'लिहून देणार' म्हणून घाला आणि ज्याचा पैसा त्याच्या खात्यात जाऊ द्या. एक-एक लाख, आणि वारलेल्या बहिणीच्या लाखातले अर्धे तिच्या नवऱ्याला, अर्धे मुलाला. बहिणीला भावाला परत द्यायचे असतील तर ती नंतर आपल्या हातानं देईल, तो तिचा आणि भावाचा मामला. तुमच्या पासबुकात मात्र सात नोंदी दिसल्या पाहिजेत.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका सौद्यात आदिलाबादकडे दिलेली बहीण आली होती. साठीच्या पुढची. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात मशीन तिचा अंगठा घेईना. जन्मभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. ऑपरेटरनं ओलं फडकं दिलं, तिनं बोटं पुसली, पदराला कोरडी केली. चौथ्या खेपेला मशीन लागलं. मग तिनं भावाला विचारलं, "माहं नाव कुठं लिवलं हाये, दाखव." भावानं कागदावर बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. वाचता येत नव्हतं तिला.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. आधारवर सासरचं नाव असतं आणि जुन्या कागदात, वंशावळीत माहेरचं. विक्रीपत्रात दोन्ही नावं, मध्ये 'ऊर्फ' घालून, लिहायला सांगा. नाहीतर पुढे बँक विचारते, ही बाई तीच कशावरून?

एखादी बहीण येऊच शकत नसेल तर तिनं नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र द्यावं, आणि सहीच्या आदल्या दिवशी तिच्याशी फोनवर स्वतः बोला. मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की ते तिथेच संपतं.

आता करोनात गेलेली मुलगी. ती गेली म्हणून तिचा हिस्सा भावांकडे परत जात नाही. बाबांच्या नंतर ती गेली, म्हणून तो आता तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा. मुलगा पंधराचा. बापानं मुलाच्या वतीनं नुसती सही करून चालणार नाही; अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या मालमत्तेच्या विक्रीला जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय विकलं, तर मुलगा अठराचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतो. परवानगीचा अर्ज बापानं करायचा, विक्रीत मुलाचा फायदा आहे हे दाखवायचं, त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्या नावानं बँकेत ठेवायची तयारी दाखवायची. वेळ लागेल. थोरला भाऊ म्हणेल, "पोरगं लहान हाये, कोण इचारते?" तीन वर्षांनी तेच पोरगं विचारेल. तुम्हाला कर्ज काढायचं असेल तर बँकेचा वकीलही याच जागी बोट ठेवेल. सौद्यातलं सगळ्यात किचकट काम हेच आहे, आणि वकील लावायचा की नाही याचं उत्तरही यातच आलं. लावा. मात्र विकणाऱ्यानं 'आपलाच माणूस' म्हणून आणलेला नको, तुम्ही शोधलेला हवा, आणि फी आधी ठरवून घ्या. अर्जनवीस दस्त चांगला लिहितो, पण वारस मोजून देणं हे त्याचं काम नव्हे.

वकील तुम्हाला तीस वर्षांचा शोध अहवाल देईल. शहरातल्या फ्लॅटला तो फार कामाचा. खेड्यातल्या घराचा अहवाल बहुतेक कोराच येतो, कारण घर कधी रजिस्ट्रीत गेलेलंच नसतं. आज्याकडून बापाकडे, बापाकडून पोराकडे, सगळं तोंडी. कोरा अहवाल बघून निश्चिंत होऊ नका. त्याच्या जोडीला सगळ्या वारसांच्या सह्यांची वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र घ्या, ग्रामपंचायतीतून जुने नमुना आठ मागा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटीस द्यायला कायद्यानं बंधन नाही, तरी द्याच. आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईजवळ अर्धा तास बसा. बाबांना आणखी एखादी बहीण होती का, दुसरं लग्न होतं का, हे तिच्याइतकं कोणत्याही रजिस्टरला माहीत नसतं.

सांदवाडीकडे वळू. उताऱ्यावर १,२०० आणि जागेवर दुप्पट, म्हणजे १,२०० फूट कोणाची तरी आहे. टेप घ्या, तुमच्या मालकांना सोबत न्या आणि कोठ्याच्या मागची भिंत कुठे संपते ते बघा. चार शक्यता आहेत. एक, जागा गावठाणातलीच आहे, ग्रामपंचायतीनं फक्त बांधकाम मोजलं. आखीव पत्रिकेत पूर्ण क्षेत्र असेल तर प्रश्न मिटला. दोन, ती शेताच्या सर्व्हे नंबरात जाते. मग तिचा सातबारा निघेल आणि तुकडेबंदी आडवी येईल, कारण जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठ्यांचा आणि तुमची सांदवाडी जेमतेम गुंठाभर. गावठाणालगतच्या जमिनीला अलीकडे सवलती मिळाल्या आहेत. तुमच्या तुकड्याला त्या लागतात का, हे तहसीलमधून लेखी घ्या, तोंडी नको. त्याच सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारनं अटींवर दिलेली जमीन, असं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. तीन, ती निस्तारातली, म्हणजे गावाच्या सामाईक वापराची, असू शकते. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर गुरांची वाट, खळ्याची जागा, मसणवट, पाणवठा हे सगळं निस्तार पत्रकात लिहून ठेवलंय. पटवाऱ्याकडे ते पत्रक मागा. आजची सांदवाडी तिथे गुरांची वाट म्हणून लिहिलेली निघू शकते. आणि घर गावाच्या अगदी काठावर असेल तर चौथी शक्यता झुडपी जंगलाची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच आहे असं ठरवलं. वर्धा त्या सहांत आहे.

जेवढं क्षेत्र कागदावर सिद्ध होतं तेवढ्याचाच भाव करा. बाकीची सांदवाडी वापरायला मिळाली तर मिळाली, तिचे पैसे देऊ नका. आणि विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिताना कोठ्यामागच्या बाजूला 'मोकळी जागा' असं लिहू देऊ नका. कोणाची मोकळी जागा, ते लिहायचं.

नगदी अर्धे? नाही. जागेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे आणि तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो. हे भावाला ऐकवा, तो आपोआप खाते क्रमांक देईल. शिवाय जे पैसे कागदावर नाहीत, ते सौदा मोडला तर परतही येत नाहीत.

रजिस्ट्रीच्या खर्चाचा भाऊ उगाच बाऊ करतो. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल ३०,०००. तुमची सहा हजार. मुद्रांक शुल्क हद्दीप्रमाणे बदलतं, आणि तुमचा भाव किंवा सरकारी मूल्यदर यात जो जास्त त्यावर ते लागतं, म्हणून दुय्यम निबंधकाकडे गावचा दर आधी विचारा. राहतं घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते. तुमचे सहा हजार वाचले. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट पूर्वी होती, ती २०२३ मध्ये काढली. ही सूट नवऱ्यासोबत जोडनावानं घेतलं तर मिळत नाही. तुम्ही विचारलंच आहे, तर माझं मत तुमच्या एकटीच्या नावानं करा, असं. मालकांना वाईट वाटलं तर सहा हजारांचा हिशेब दाखवा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पुढे दोघांची नावं लावता येतात. रजिस्ट्री झाली की नमुना आठ आणि आखीव पत्रिका दोन्हीकडे फेरफाराचा अर्ज लगेच द्या. वीज मीटरही नावावर करून घ्या, त्याआधी जुनं बिल कोणी थकवलंय का ते बघा.

राहिला इसार. सौदा हातचा जाईल अशी भीती असेल तर थोडी रक्कम द्या, पन्नास हजार नको. खात्यातूनच द्या. इसारपत्रावर आई, दोघं भाऊ, दोघी बहिणी आणि जावई अशा सगळ्यांच्या सह्या हव्यात. सगळे वारस विक्रीपत्रावर आले नाहीत किंवा मुलाच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी मिळाली नाही तर इसार परत, हे वाक्य त्यात शब्दशः लिहून घ्या.

दोघी बहिणी भाऊबिजेला येतात असं तुम्ही लिहिलंय. तेव्हाच इसारपत्र करा, मसुदा वकिलाकडून आधी तयार करून ठेवा. त्या आल्या की ओवाळणीच्या आधी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला जा, आणि भाव किती ठरलाय ते थोरल्या भावासमोर त्यांना तुम्हीच सांगा.